सोन्याची शाल

एका राज्यात एक सोन्याची शाल होती. दरसाल राजा ती उत्तम कवीच्या खांद्यावर घाली, आणि टाळ्या थांबायच्या आत कवीचा दगड होई. लोक म्हणत, अमर झाला. दरबारात असे कवी ओळीने बसले होते. त्यांच्या गळ्यात रोज ताजे हार पडत. त्यांची कविता मात्र कोणी म्हणत नसे.

यंदा शाल चंद्रकेताला मिळाली. आपल्या मेलेल्या लेकीवर त्याने गीत रचले होते. इंदुला नावाची त्याची बायको दगडाच्या पायाशी बसून राहिली.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "बाई, हारांनी दगड उठत नाही. डोंगरांपलीकडे शाल विणणारी चेटकीण आहे, तिला गाठ. वाटेत मागतील ते द्यावे लागेल."

"माझ्याकडे आहे काय?"

"गीत आहे. पण दिलेले कडवे, आणि त्यातली आठवण, जगात कोणाकडे उरणार नाही."

इंदुला निघाली. आटून चिखल झालेल्या तळ्याने पहिले कडवे मागितले. त्यात लेकीचे रांगणे होते. तळे भरले, होडी आली, रांगणे गेले. पुढे जळत्या रानाने दुसरे मागितले. त्यात तिचे बोबडे बोल होते. रान विझले, बोलही विझले.

चेटकीण मागावर बसली होती. "मीही गाणी रचत असे," ती म्हणाली. "राजाच्या आज्याने शाल नेली, गाणे ऐकायला थांबला नाही. म्हणून हा शाप. शेवटचे कडवे दे."

"त्यात तिचे नाव आहे."

"ठाऊक आहे."

"माझे डोळे घे."

"डोळे मला आहेत, बाई."

इंदुला उंबऱ्यात बसून राहिली. मग तिने कडवे म्हटले, सावकाश. नावाशी थांबली, ते पुन्हा एकदा उच्चारले. चेटकिणीने काम टाकून ऐकले, आणि मागावरचा धागा तोडला.

तिकडे दरबारात शाल उसवली. कवी उठले, आपापल्या घरी गेले. परतीच्या वाटेवर इंदुलाने दरबारात सारे सांगितले; राजाने सोन्याचे धागे चेटकिणीला परत धाडले. तेव्हापासून मान देण्याआधी तो खाली बसून कविता शेवटपर्यंत ऐके.

इंदुला घरी आली, तेव्हा चंद्रकेत तिथे होता. कोनाड्यात एक इवलासा वाळा होता.

"आपल्या लेकीचे नाव काय ग?"

इंदुलाने मान खाली घातली. "मी देऊन आले."

त्याने वाळा तिच्या हातात ठेवला. तो वाजला, आणि दोघांनीही ओ दिली.

त्या राज्याचा सुटला तसा सगळ्यांचा शाप सुटो. आणि ज्यांची नावे हरवली, त्यांचा वाळा कोणीतरी जपून ठेवो.