वेणुकेचा जोंधळा

फार पूर्वी मधुपर्णी नदीकाठच्या नगरीत सुषेण राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच राज्यातल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव क्षेमक. वडिलांमागून तो गावाचा मुखिया झाला. पेरणीच्या दिवसांत तो आपले बैल आधी दुसऱ्यांना देई, त्यामुळे ओढ्यापलीकडचे त्याचे स्वतःचे शेत दरवर्षी सगळ्यांच्या मागून पेरले जाई.

त्याच गावात वेणुका नावाची तरुण स्त्री राहत होती. तिचा नवरा पिंगल याला लहानपणापासून समुद्राची ओढ होती, पण समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. त्या वर्षी पाऊस सरला, पश्चिमेच्या बंदराकडे जाणारा व्यापाऱ्यांचा तांडा गावावरून निघाला आणि पिंगलही जायला सिद्ध झाला. जाण्याआधी त्याने शेतात जोंधळा पेरला. निघताना तो वेणुकेला म्हणाला, "कणसात दाणा भरेल तेव्हा मी इथं असेन. कापणी आपण दोघं करू."

तेव्हापासून वेणुकेचा जीव त्या शेतात गुंतला. जोंधळा उगवून आला तशी ती सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन बसू लागली. तिथून तांड्याची वाट दिसे. लांबवर धूळ उडाली की ती उठून उभी राही. धूळ जवळ येई, आणि तिच्यातून गावचीच गुरे बाहेर पडत.

पीक गुडघ्याएवढे झाले तेव्हा तिला पानांवर पांढुरके डाग दिसले. पानांच्या पाठीवर बारीक अळ्या होत्या. त्या पानाचा हिरवा गर खरवडून खात आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा मागे ठेवत. काही अळ्या तोंडातून काढलेल्या धाग्याला लोंबकळत आणि वाऱ्याने शेजारच्या रोपावर जात. पुढे पानांवर अळ्या दिसेनाशा झाल्या. संकट टळले असे समजून वेणुका पुन्हा वाटेकडे पाहू लागली.

टळले काहीच नव्हते. अळ्या पोंग्यात, म्हणजे रोपाच्या शेंड्याशी गुंडाळलेल्या कोवळ्या पानांच्या आत उतरल्या होत्या. दिवसभर त्या आत दडून राहत आणि ऊन उतरले की वर येत. जे पान उलगडे त्यावर आरपार भोकांची ओळ असे.

शेजारच्या शेताचा मालक भूरिक याने ती भोके पाहिली आणि तो गावकऱ्यांना घेऊन आला. त्यांच्या हातांत विळे होते.

"वेणुके, हे शेत कापून जाळावं लागेल," तो म्हणाला. "तुझ्या अळ्या माझ्या बांधाला लागल्यात. माझ्या घरी सात तोंडं आहेत."

वेणुका बांधावर आडवी उभी राहिली. "हे त्यांनी पेरलंय. ते येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"आणि नाही आला तर?" मागून कोणीतरी बोलले.

तेवढ्यात क्षेमक तिथे आला. त्याने सगळ्यांचे ऐकून घेतले. मग तो वेणुकेला म्हणाला, "बाळ, एक रोप उघडून दाखवू का?"

तिने मान डोलावली. क्षेमकाने पोंगा हलकेच उलगडला. आत भुशासारखी ओली घाण साचली होती आणि तिच्यात एक जाडसर अळी अंग आक्रसून बसली होती. बाहेरची पाने हिरवीगार होती. आतला कोंब मात्र पुरता खाल्ला गेला होता.

वेणुकेने वाकून आत पाहिले. "मी रोज इथंच होते, काका," ती म्हणाली.

"तुझे डोळे वाटेवर होते. त्यात तुझा दोष नाही." मग क्षेमक भूरिककडे वळला. "सगळं शेत जाळायला नको. लागलेली रोपं तेवढी कापू आणि माझ्या शेतात नेऊन टाकू. माझं पीक उशिराचं आहे, अजून कोवळं आहे. ह्या जिवांना कोवळंच लागतं. तिथं त्यांचं पोट भरेल आणि मधल्या ओढ्यामुळे अळ्या परत येणार नाहीत. तोवर तुमच्या पिकाला कणसं धरतील."

"आणि तू काय खाणार?" भूरिकने विचारले.

"मला मागून तरी खाता येईल. अळीला मागता येत नाही."

भूरिकने विळा खाली केला. ऊन उतरल्यावर काम सुरू झाले. पहिले रोप वेणुकेने स्वतः कापले. कापताना तिचा हात थांबला.

"ते आले आणि शेत असं विरळ दिसलं तर?"

"तर तो विचारील, आणि तू सांगशील," क्षेमक म्हणाला. "माणूस समोर असला की सगळं सांगता येतं."

मग मात्र ती थांबली नाही. टोपली डोक्यावर घेऊन ती ओढ्यातून जा-ये करीत राहिली, आणि प्रत्येक खेपेला पलीकडच्या काठावरून एकदा वाटेकडे पाही.

पुढे क्षेमकाच्या शेतात पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. गावाच्या शेतांत कणसे आली, वेणुकेच्याही. दाणा भरला. तांडा परत आला. त्यात पिंगल नव्हता.

तांड्याचा नायक वेणुकेला म्हणाला, "बाई, तो बंदरावर गलबतात चढला. आम्ही हाका मारल्या. त्यानं हात हलवला."

"काही निरोप?"

"नाही."

वेणुकेने एकटीने कापणी केली. मळणी झाल्यावर दाण्यांची पहिली टोपली तिने क्षेमकाच्या दारात नेऊन ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

"काका," तिने विचारले, "वाट पाहणं सोडून देऊ का?"

"मी सांगून ते सुटायचं नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "पाहा वाट. पण वेळेवर जेवत जा, आणि रोज एकदा पोंग्यातही बघत जा."

पिंगल कधीच परतला नाही. वेणुकेने वाट पाहणे सोडले नाही, पण तिचे शेत पुन्हा कधी आतून पोखरले गेले नाही. ज्या वर्षी गावात कोणाचे पीक बुडे, त्या वर्षी धान्याची पहिली टोपली तिच्या घरून जाई.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एका तरुण भिक्षूला सांगितली. घरी सोडून आलेल्या पत्नीच्या आठवणीने तो व्याकूळ झाला होता. अन्न टाकून तो विहाराच्या दारात गावच्या रस्त्याकडे पाहत बसे, आणि सोबतचे भिक्षू त्याला हसत. कथा संपल्यावर शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा भूरिक म्हणजे आज ह्या तरुणासाठी रोज भिक्षेतला घास राखून ठेवणारा हा वृद्ध भिक्षू. क्षेमक मीच होतो. बांधावर उभी राहणारी वेणुका म्हणजे हा तरुण. आणि जिच्यासाठी तो आज झुरतो ती त्याची पत्नी, तीच तेव्हा समुद्राकडे गेलेला पिंगल होती. तेव्हा ह्याने तिची वाट पाहिली. आज तीही दारात उभी राहून ह्याची वाट पाहते आहे. म्हणून ह्याला हसू नका. ह्याच्याजवळ बसा. यालाच करुणा म्हणतात."