हैदरबाबांच्या दारातला दोर

"बाबा, कोळ्यांनी नांगर टाकू नये म्हणून तुमच्याकडे एखादा ताईत-बिईत आहे का?"

विचारणारा मिहीर आठल्ये. समुद्राखालून येणारी इंटरनेटची केबल खारशेतच्या किनाऱ्यावर वर निघते, तिथल्या स्टेशनाचा इंजिनिअर. कुंपणापलीकडच्या झोपडीत हैदरबाबा फकीर राहतात, हे त्याला चार वर्षं दिसत होतं. पाय आज वळले. अडला होता ना.

बाबा जाळं सांधत होते. "नांगर कुठं टाकू नये?"

"माझ्या केबलवर. वर्षात तीनदा तोडली त्यांनी. उद्या मुंबईहून मोठे साहेब चौकशीला येतायत. नोकरी जाणार माझी."

"एवढी मोलाची आहे?"

आठल्येची मान ताठ झाली. नोकरी जायला आली तरी शिकलेल्याची मान काही वाकत नाही. "पापणी लवायच्या आत इथला निरोप आफ्रिकेत पोचतो, बाबा."

"छान. आहे कुठं ती?"

आठल्येनं बगलेतली नकाशाची गुंडाळी आणखी घट्ट धरली. "ते सांगता येत नाही. त्याच साहेबांचा हुकूम आहे, गोपनीय. शत्रूला कळलं तर तो तोडेल."

"शत्रूनं तोडली?"

"नाही."

"मग कोळ्यांना काय सांगू?"

"सांगा, तिथं नांगर टाकू नका."

"कुठं?"

आठल्येनं गुंडाळी दुसऱ्या बगलेत घेतली.

बाबा उठले, आत गेले, थोड्या वेळानं परत येऊन बसले.

"घसा कोरडा पडला. आत मडकं आहे, तांब्याभर पाणी आण."

आठल्ये आत गेला. उंबऱ्याच्या आत वीतभर उंचीवर जाळ्याचा दोर ताणून बांधला होता. इंजिनिअरसाहेब आडवे. मडक्याच्या खापऱ्या झाल्या.

"बाबा! दोर बांधलाय हे सांगायचं नाही का?"

"गोपनीय होता."

आठल्ये ओल्या जमिनीवरून खापऱ्या गोळा करत उठला, बाहेर आला आणि त्यानं गुंडाळी उलगडून वाळूवर पसरली. चार कोपऱ्यांवर चार खापऱ्या ठेवल्या.

बाबांनी हाक मारली तसा होडी रंगवत असलेला धाकू तांडेल ब्रश घेऊनच आला. गावच्या होड्या त्याच्या शब्दावर चालायच्या. नकाशावरच्या तांबड्या रेघेकडे तो वाकून बघत राहिला.

"ही होय? ही जागा आम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?" आठल्येचा आवाज चिरकला. "मग नांगर तिथंच का टाकता?"

"साहेब, इथं सगळीकडे चिखल. नांगर धरतच नाही, घसरतो. तेवढ्या एका जागी काय घट्ट धरतो म्हणून सांगू. आम्हाला वाटलं, बुडालेलं गलबत असेल. माझा बाप असता तर त्यानं नारळ फोडला असता तिथं."

"अरे, ती केबल आहे."

"मग बोलायचं की. चार वर्षं शेजारी राहता." धाकूनं रेघेच्या दोन्ही टोकांना बोट लावलं. "इथं आणि इथं तरंगते तांबडे बोये सोडतो. एक होडी जाणार नाही."

आठल्येनं नकाशा गुंडाळला. बाबांना हात जोडले. मग उंबऱ्याशी गुडघे टेकून दोराची गाठ सोडायला लागला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "उद्या मोठे साहेब येतायत ना... त्यांनाही पाणी लागेल."