वरवंट्याची कुंभ रास

एका गावात एक भोळा बाप होता. बाप होऊन त्याला थोडेच दिवस झाले होते. भोळा तो जन्मापासून होता. नाव म्हाळू. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, हीच खरी अडचण होती.

त्याची बायको गिरजा शिकलेली होती आणि ग्रहांवर तिचा विश्वास नव्हता. पण बाळाची रास कुंभ आणि कुंभेचा स्वामी शनी, हे शेजारणीनं सांगितल्यापासून तिनं धास्ती घेतली होती. आपला विश्वास नाही म्हणून शनी सोडतो थोडाच?

"बारशाआधी शास्त्रीबुवांना विचारून या," ती म्हणाली. "शनीचं काही करता येतं का बघा."

नरहरशास्त्र्यांनी आधी नारळ घेतला, मग पंचांग.

"शनी? ते जुनं झालं रे. दुर्बिणीतून नवा ग्रह सापडलाय, हर्षल. कुंभ आता त्याची."

"शनीचं काही चुकलं होतं का?"

"छे. त्याच्याकडे मकर आणि कुंभ अशा दोन राशी होत्या, नव्याकडे एकही नाही. दोनातली एक काढली नि दिली."

"शनीला विचारलं?"

"ग्रहांना विचारत नसतात."

म्हाळूनं हे लक्षात ठेवलं. घरी आला तर गयाबाई बाळाला न्हाऊ घालायला बसलेली. गयाबाईकडे दोन कामं होती, गिरजाची मालिश आणि बाळाची अंघोळ. तेवढ्यात दारात एक बोहारीण आली. गावात नवी होती आणि तिच्याकडे एकही काम नव्हतं. म्हाळूनं गयाबाईच्या पायांवरून बाळ उचललं नि बोहारणीला दिलं.

बोहारणीला भांडी घासणं तेवढं ठाऊक होतं. तिनं राख घेतली, काथ्या घेतला. बाळ तांब्याच्या घंगाळासारखं लाल झालं. गयाबाई पदर खोचून निघून गेली, आणि तिच्याबरोबर मालिशही गेली.

गिरजानं रडणारं बाळ छातीशी धरलं. "अहो, माणूस नवं दिसलं की काम देतात का? कुणाला काय जमतं ते बघायचं असतं."

म्हाळू पुन्हा शास्त्रीबुवांकडे. पुन्हा नारळ.

"कुणाला काय जमतं ते कसं ओळखायचं?"

"नावावरून. आता हा दुसरा नवा ग्रह घे, नेपच्यून. म्हणजे आपला वरुण. वरुण पाण्याचा देव, मीन म्हणजे मासा. गुरूकडून काढली आणि वरुणाला दिली मीन."

"नाव कुणी ठेवलं?"

"दुर्बिणीवाल्यांनी."

"त्यांनी पाणी पाहिलं होतं का तिथं?"

"पाहायला कशाला हवं? नाव वरुण आहे ना?"

म्हाळूला पटलं. तो बारशाच्या तयारीला लागला. गावचा आचारी भिकाजी. भिकाजीच्या हातात पंगत कशी द्यायची? म्हाळूनं अन्नपूर्णाबाईंना बोलावलं. त्या सुनेच्या हातचं खात आणि नावं ठेवत. चूल त्यांनी कधीच सोडली होती. पाणी भरायला गंगाराम. तो संधिवातानं अंथरुणावर होता, त्याला बाजेसकट विहिरीवर आणून ठेवला. ताटांपाशी राखणीला वाघोजी. कुत्रं भुंकलं की वाघोजी माळ्यावर चढे.

कुत्रं भुंकलं. भात तळाशी करपला, वर कच्चा राहिला. पाहुणे कोरड्या घशानं घरी गेले. बारसं झालंच नाही, आणि बाळ तसंच बिननावाचं राहिलं.

"लोक त्याला 'हे' म्हणतात हो," गिरजा म्हणाली. आता तिला शनीची भीती उरली नव्हती, बापाचीच वाटत होती. "चूक कळल्यावर तरी काम काढून घ्यायचं होतंत."

म्हाळू तिसरा नारळ घेऊन निघाला.

"दिलेलं काढून घेता येतं का, शास्त्रीबुवा?"

"मुळीच नाही. प्लूटोला आम्ही वृश्चिक दिली. पुढं दुर्बिणीवाले म्हणाले, हा फार लहान आहे, हा ग्रहच नव्हे."

"मग उठवला?"

"का उठवायचा? एकदा बसवला तो बसवला. आणि उठवला तर जागा मोकळी पडेल. जागा मोकळी ठेवायची नसते."

पुन्हा बारसं मांडलं. या वेळी गिरजानं भिकाजीला स्वतः सांगितलं. शास्त्रीबुवा पत्रिका घेऊन आले. गिरजा आत लुगडं नेसत होती, बाळ म्हाळूच्या हातात होतं. बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून पाळण्यात आधी वरवंटा ठेवायची रीत. बायकांनी वरवंट्याला कुंची घातली, पाळण्यात ठेवला, एक झोका दिला. मग म्हाळूची चुलती रखमाकाकू तो काढायला वाकली.

"थांब काकू," दारातून येत म्हाळू म्हणाला. त्याचे हात रिकामे होते. "बसवलेला उठवायचा नाही."

"अरे मेल्या, दगड आहे तो."

"असू दे. शास्त्रीबुवांना विचार."

सगळा गाव शास्त्रीबुवांकडे बघायला लागला. बुवांनी पत्रिका उलगडली. एवढ्या लोकांत शब्द मागं कसा घ्यायचा?

"बसवलाय खरा," ते म्हणाले. "जो पाळण्यात, त्याची पत्रिका." आणि खणखणीत वाचायला लागले. "प्रकृती दणकट. बोलणं कमी. डोळ्याला पाणी येणार नाही. घर सोडून जाणार नाही. जन्मभर अन्नाशी संबंध राहील."

लोकांनी माना डोलावल्या. बुवांचं भविष्य इतकं तंतोतंत कधी आलं नव्हतं. वरवंट्याचं नाव सुधाकर ठेवलं. घुगऱ्या वाटल्या.

एवढ्यात गिरजा बाहेर आली. तिनं पाळण्यात पाहिलं, मग म्हाळूकडे.

"बाळ कुठंय?"

"अगं, वरवंटा इकडं आला," म्हाळू समजावत म्हणाला. "तिकडं त्याची जागा मोकळी पडली होती."

गिरजा स्वयंपाकघराकडे धावली. धूर कोंडला होता. पाट्यावर मिरच्या पडल्या होत्या आणि चटणी वाटायला बसलेला भिकाजी डोळे चोळत, न बघता, एका हातानं पाट्याशेजारी चाचपत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमचा वरवंटा गळतोय."