ठकाजीच्या व्हॅनला ताकदीची डबी

घाटाच्या पायथ्याच्या एका गावात ठकाजी नावाचा एक भोळा व्हॅनवाला होता. किती भोळा? कुणी म्हणालं, "ठकाजी, दारावर नजर ठेव," तर चोर खिडकीतून आला तरी ह्याची नजर दारावरच.

त्याची व्हॅन म्हातारी झालेली. सपाटीला गुणाची, पण चढ दिसला की खोकत मागं सरायची.

आणि लग्न निघालं नेमकं घाटावर. ठकाजीची बायको सगुणा, तिच्या भावाच्या मुलीचं. नवरदेव खालच्या गावचा. सगुणा माहेरी गेली तेव्हा भरल्या ओसरीत बोलून बसली, "नवरदेव आमच्या गाडीतनं मांडवात येईल."

भावजया तोंडाला पदर लावून हसल्या. "तुमची गाडी घाट चढंपर्यंत पोरगी म्हातारी व्हायची, वन्सं!"

सगुणा तडक घरी आली. "अहो, काय वाटेल ते करा, पण माझा शब्द खाली पडू देऊ नका."

ठकाजी बाजाराला गेला. तिथं एक जण ताकदीची डबी विकत बसला होता. "इंजिनाला लावा, दहा घोड्यांचं बळ वाढेल!" ठकाजीनं डबी घेतली. सोबत कडब्याच्या दहा पेंढ्याही घेतल्या. दहा घोडे यायचे म्हटल्यावर त्यांनी खायचं काय?

इब्राहिम मिस्त्रीनं डबी इंजिनाला बसवली आणि पेंढ्या आपल्या म्हशीला घातल्या. म्हणाला, "लग्नाआधी पारखून घे. पहिल्या खेपेला गाडी अगदी रिकामी ने. आत काही म्हणजे काही नको."

ठकाजीनं बाकं काढली. स्टेपनी काढली. समोरचा देवाचा फोटो काढून घरात नेऊन ठेवला. मग आठवण झाली म्हणून टाकीतलं डिझेलही डब्यात काढलं. किल्ली फिरवली. गाडी गप्प.

"मिस्त्री, डबी खोटी."

"डबी नाही रे, तुझं डोकं! उपाशी पोटी डोंगर कोण चढतं? आधी गच्च भरायचं, मग हलायचं."

ठकाजीनं गाडी गच्च भरली. डिझेल भरलं, कांद्याची पोती भरली, शेजारणीचा पाटा-वरवंटा भरला, चुलत्याची लोखंडी खाट भरली. शेवटी स्वतःलाच जागा उरेना. मग अर्धा आत, अर्धा बाहेर असा लटकून निघाला. पहिल्याच वळणाला बोनेटमधून वाफ.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "अरे बाबा, धाप लागली की आधी जागेवर थांबवायचं. पुढनं उघडायचं, वारं लागू द्यायचं, मग पाणी ओतायचं."

"एवढंच ना!"

दुसऱ्या दिवशी सगुणाचा भाऊ भागूजी पत्रिका घेऊन आला. भर उन्हात पायी. अंगात नवा कोट, डोक्याला फेटा, आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली. ठकाजीनं ओळखलं, ह्याला धाप लागलीय. दारातच थांबवलं. कोटाची बटणं सोडली. सुपानं वारं घातलं. आणि अख्खी घागर डोक्यावर ओतली.

"अहो दाजी!" भागूजी ओली पत्रिका झटकत ओरडला. "माणूस दिसलं की हात जोडावेत, 'या, बसा' म्हणावं! हे काय?"

"चुकलंच," ठकाजी म्हणाला. आणि लग्नापर्यंत तेवढंच घोकत राहिला. माणूस दिसलं की हात जोडायचे, 'या, बसा' म्हणायचं.

लग्नाचा दिवस उगवला. सगुणा आधीच वर मांडवात. ठकाजी नवरदेव, करवली आणि नवरदेवाच्या मामाला घेऊन निघाला. आणि काय सांगू, डबी खरी निघाली! पहिलं वळण व्हॅननं हरणासारखं घेतलं.

तेवढ्यात मोळी घेतलेली एक म्हातारी दिसली. ठकाजीनं गाडी थांबवली, हात जोडले. "या, बसा." म्हातारी मोळीसकट बसली. मग एक धनगर दिसला. "या, बसा." तो सहा मेंढरांसकट बसला. मग पोस्टमन दिसला.

"मी खाली निघालोय," पोस्टमन म्हणाला.

"असू द्या, बसा."

तिसऱ्या वळणावर व्हॅन ठप्प.

मामा ओरडला, "अहो, ओझं उतरवा, म्हणजे चढेल!"

ठकाजीला पटलं. त्यानं म्हातारी उतरवली, धनगर मेंढरांसकट उतरवला, पोस्टमन उतरवला. करवली उतरवली. ओरडणारा मामाही उतरवला. मग नवरदेवाचा हात धरला.

"अहो, मी नवरदेव आहे!"

"नवरदेवाला वजन नसतं होय?"

रिकामी व्हॅन सुसाट वर आली. मुहूर्ताला अजून तासभर होता. घाटातून गाडी आलेली बघून वाजंत्र्यांनी सनई धरली. भावजयांची तोंडं उघडीच राहिली. सगुणाची छाती ही एवढी फुगली. ती ओवाळायचं ताट घेऊन पुढं झाली आणि व्हॅनचं दार सरकवलं.

आतून एक मेंढी उतरली.

"अहो," सगुणा ताट घेऊनच व्हॅनमध्ये डोकावली, "नवरदेव कुठंय?"

"तिसऱ्या वळणावर," ठकाजी घाम पुसत म्हणाला. "तू घोर करू नको. चढ आहे, मागं घसरेल बिसरेल म्हणून त्याच्या दोन्ही टाचांना दगड लावून आलोय."