रंगारीण आणि संगमरवरी तालीम

नदीकाठच्या एका गावात एक रंगारीण राहायची. एकटीच राहायची. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, लेकरू झालंच नव्हतं. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून ती आपल्या तांब्याच्या कढईशी बोलायची. "आज लाल रंगाला मंजिष्ठ कमी पडली गं," असं म्हणायची आणि उत्तर येत नाही म्हणून स्वतःच "हं" म्हणायची.

रंगाऱ्याचं काम मुळात दोघांचं. लुगडं रंगवलं, नदीत खळबळलं, की पिळायला एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं बायकोच्या. नऊ वार ओलं लुगडं एकट्यानं पिळून बघा, म्हणजे कळेल. नवरा गेल्यावर तिनं काठावर एक खुंटा ठोकला. एक टोक खुंट्याला बांधायची, दुसरं स्वतः पिळायची. खुंटा काही सैल सोडत नाही. सगळा पीळ बाईच्या खांद्यात. तीन वर्षांत उजवा खांदा असा आखडला की वेणी घालायला हात वर जाईना.

त्याच नदीवर, चार हाकांच्या अंतरावर, खालच्या अंगाला एक परटीण कपडे धुवायची. ती पण एकटीच. पण या दोघींचं बोलणं बंद होतं. पाच वर्षांपूर्वी रंगारणीनं कढई धुतली, लाल पाणी वाहत खाली गेलं आणि देवळातल्या पुजाऱ्याचं पांढरंशुभ्र सोवळं गुलाबी झालं. त्या दिवशी जे भांडण झालं ते सगळ्या गावानं गच्चीवर उभं राहून ऐकलं. तेव्हापासून तोंड बघणं नाही. रंगारी गेला तेव्हा परटीण आली होती, पण लांब उभी राहून निघून गेली.

आता झालं काय, गावच्या नगरशेठानं टेकडीवर एक तालीम बांधली. साधी लाल मातीची नव्हे. दवंडीवाला गल्लीगल्लीत ओरडत गेला, "संगमरवरी जमीन! चंदनाचे मुद्गल! भिंतभर आरसे! बायांना वेगळा चौक! तीन दिवस येऊन बघा, वर्गणी चौथ्या दिवशी!"

वर्गणी होती वर्षाला अकरा मोहरा, त्याही एकरकमी. रंगारणीजवळ अकरा मोहरांची एकच वस्तू होती, ती कढई. ती विकली तर मंजिष्ठ उकळायची कशात? लाल रंग बंद. लाल बंद म्हणजे नवरीची लुगडी बंद. मग नुसतं हळदीचं पिवळं रंगवून काय पोट भरणार? हे तिला कळत होतं. पण खांदा दुखत होता. आणि खोटं कशाला बोला, नुसता खांदा दुखत नव्हता. तिला वाटलं, तिथं चार बाया असतील. कोणी म्हणेल, बस गं जरा.

पहिल्या दिवशी ती रंगाचं काम बंद ठेवून, धुतलेलं लुगडं नेसून टेकडी चढली. दारात कारकून बसलेला. त्यानं मान वाकवली.

"यावं बाईसाहेब, यावं! नाव?"

"हौसा."

"वा! हौसाबाई, या तुमच्याच घरी आलात."

बाईचा ऊर भरून आला. कित्येक महिन्यांत तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं. आत गेली तर पायाखाली गार संगमरवर, गुलाबपाण्याचा वास, मुद्गलांना चांदीच्या मुठी. भिंतीत पितळी कडी होती आणि कडीला रेशमी दोर. "हा ओढायचा, खांद्याला चांगला," असं सेवकिणीनं सांगितलं. रंगारणीनं ओढला आणि तिला हसूच आलं. हेच तर ती रोज खुंट्याशी करत होती! पण सगळ्या बाया ओढत होत्या, म्हणून तिनंही ओढला. नंतर सेवकिणीनं कोमट तेलानं खांदा चोळला. बरं वाटलं, नाही असं नाही. चोळताना सेवकीण मात्र खिडकीबाहेर बघत होती.

चौकात बाया पुष्कळ होत्या. प्रत्येकीचं तोंड आरशाकडं.

दुसऱ्या दिवशी ती हौसेनं लवकर गेली. कारकुनानं तशीच मान वाकवली.

"यावं बाईसाहेब, यावं! नाव?"

"अहो, काल सांगितलं की. हौसा."

"वा! हौसाबाई, या तुमच्याच घरी आलात."

तेच शब्द, तोच सूर. तिनं मनाची समजूत घातली. एवढी माणसं येतात, बिचारा किती ध्यानात ठेवील?

त्या दिवशी तिनं शेजारी दोर ओढणाऱ्या सावकारीणबाईला धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही रोज येता?"

"रोज."

"गुडघेबिडघे दुखतात का?"

"छे गं. घरात तीस माणसं आहेत माझ्या. उठल्यापासून आई हे कुठंय, काकू ते कुठंय. इथं एक मेलं कोणी बोलत नाही, म्हणून येते." आणि जरा थांबून म्हणाली, "तू पण नको बोलूस. अकरा मोहरा त्याच्यासाठीच भरल्यात मी."

बाई खरं बोलली. तिच्यासाठी ती जागा अकरा मोहरांची होतीच. रंगारीण दोर ओढत राहिली. घरी येऊन कढईशीसुद्धा बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दारात कारकुनानं मान वाकवली. "यावं बाईसाहेब, यावं! नाव?"

रंगारणीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "दोडका."

"वा! दोडकाबाई, या तुमच्याच घरी आलात."

लिहिलंसुद्धा त्यानं. सुरेख वळणदार अक्षरात. तिला वाटलं होतं, आपण हसू. हसू काही आलं नाही. त्या दिवशी तिनं दोर ओढला नाही, तेल लावून घेतलं नाही. आरशासमोर नुसती उभी राहिली. आरशात बाया दिसत होत्या ओळीनं, त्यांत एक ती. ती तिथून निघून गेली असती तर आरशाला एक बाई कमी दिसली असती, एवढंच.

तरीही चौथ्या दिवशी सकाळी तिनं डाव्या हातानं सावरत कढई डोक्यावर घेतली आणि तांबटाच्या वाटेला लागली. माणूस असं का करतं? तर टेकडीवर निदान "यावं" म्हणणारं कोणी होतं. घरी तेही नव्हतं.

जिथून एक वाट तांबटाकडं जाते आणि एक नदीकडं, तिथं समोरून परटीण तरातरा येताना दिसली. हातात कपडे बडवायचं धोपाटणं. रंगारणीला बघून ती जागीच थांबली.

"जिवंत आहेस होय गं?"

पाच वर्षांनी पहिला शब्द हा! रंगारीण फणकारली. "का? तुला काय करायचंय?"

"तीन दिवस वरून पाणी नितळ येतंय. पहिल्या दिवशी म्हटलं, बरं झालं, ब्याद टळली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, गेली असेल पाहुणी कुठं. पण तुला बोलावणार कोण? काल घास उतरला नाही माझ्या घशाखाली. आज म्हटलं, दार फोडून बघावं, आत मरून पडली असेल."

"आणि हे धोपाटणं?"

"दार फोडायला! हातानं फुटतं का दार?"

डोक्यावरची कढई एकदम जड लागली.

"कढई कुठं नेतेस?"

"विकायला. तालमीची वर्गणी भरायचीय. खांदा गेलाय."

"बघू." परटिणीनं पुढं होऊन अंगठा असा रोवला की रंगारीण "आई गं" करून ओरडली. "खुंट्याला बांधून पिळतेस ना? दिसतं मला खालून. माझा डावा गेलाय. सासू होती तोवर दुसरं टोक ती धरायची. आता माझाही खुंटाच."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू बोललीस?"

टेकडीवर तालमीची घंटा झाली. रंगारीण तिकडं बघत राहिली, मग तिनं कढई खाली उतरवली. एक कान स्वतः धरला आणि म्हणाली, "धर दुसरा. एकटीला पेलवत नाही."

नदीवर जाऊन पहिलं धोतर घेतलं तर गंमतच झाली. दोघींना खुंट्याची सवय. एक आपल्या उजवीकडं पिळी, दुसरी डावीकडं. धोतर नुसतं गरगर फिरलं, पाण्याचा थेंब गळाला नाही.

"अगं बये, तूही तुझ्या उजवीकडं फिरव की!"

"तुझ्या बापानं शिकवलंय का मला उजवं-डावं?"

पण पाणी निथळलं. मग भांडत भांडतच ठरलं. सकाळी आधी परटिणीचं पांढरं, दुपारनंतर रंगारणीचं लाल. सोवळ्याचा विषय दोन्ही वेळेला निघाला.

खांदा एका दिवसात बरा झाला नाही. दिवाळी उजाडली त्याला. आणि संध्याकाळी घर होतं तेवढंच रिकामं होतं, ते कोणी भरलं नाही.

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी रंगारणीचं अंग ठणकत होतं, वाटलं, आज पडून राहावं. तेवढ्यात नदीकडून हाक आली, "अगं ए! उन्हं डोक्यावर आली! येतेस की मी एकटीच मरू इथं?"

रंगारीण अंथरुणात उठून बसली. पण तिनं ओ दिली नाही. मुद्दाम दिली नाही. आणखी एकदा हाक यावी म्हणून.

तात्पर्य: महागडी जागा विकत घेण्याआधी आपलं नेमकं काय दुखतंय ते बघा. खांद्याला तेल कुठंही मिळेल. एकटं पडला असाल, तर आपण नाही गेलो म्हणून जिचं काम अडेल अशी एक बाई गाठा, मग ती भांडखोर का असेना.