दोन प्लेअर आणि एक सीडी

"बुवा, तुमचा षड्ज कुठल्या प्लेअरवर जास्त भरदार वाटतो, तेवढं ऐकून सांगाल?"

निरंजन खासनीस बारा वर्षं सदूबुवांकडे गाणं शिकत होता. बेळगावात नवं घर बांधताना त्याने एक खोली फक्त ऐकण्यासाठी ठेवली होती. दुकानातून दोन सीडी प्लेअर पारखायला आणले होते. एक ठेवायचा, दुसरा परत द्यायचा.

पारखायला त्याने बुवांचीच सीडी घेतली होती. चाळीस वर्षांपूर्वीची मैफल, नुकतीच बाजारात आलेली. वेष्टनावर बुवांचं नाव आणि तरुणपणीचा फोटो. बुवांनी ती अजून ऐकली नव्हती.

निरंजन मात्र तीन आठवडे ती आलटूनपालटून ऐकत होता. एका प्लेअरवर तंबोरा जास्त झणकारतो, दुसऱ्यावर गाणाऱ्याचा श्वासही ऐकू येतो, असं त्याने बुवांना सांगितलं. आपल्या कानांतून काही सुटत नाही, हेही सांगितलं.

आलाप सुरू झाला. बुवांनी कानाच्या पाळीला हात लावला.

आवाज टोचला असेल असं वाटून निरंजनने तो कमी केला.

"वाढव," बुवा म्हणाले.

बंदिश संपेपर्यंत ते डोळे मिटून बसले. गाल ओले झाले होते...

"आता दुसऱ्यावर लावू?"

"हे मी गायलेलं नाही."

निरंजनने वेष्टन उचलून त्यांच्यापुढे धरलं. बुवांनी ते पाहिलंही नाही.

"हा दस्तगीर. माझा थोरला गुरुबंधू. त्या दिवशी माझ्याआधी गायला होता. वर्षभरात गेला. त्याचा आवाज कुठे उरला असेल, असं मला वाटलं नव्हतं."

निरंजनने तीच सीडी दुसऱ्या प्लेअरवर लावली. पहिल्याच स्वराला कळलं. तरुणपणी बुवांचा गळा असाच असेल, असं धरून जे जे वेगळेपण त्याने सोडून दिलं होतं, ते सगळं आता परकं वाटत होतं. बारा वर्षं तो या माणसासमोर हातभर अंतरावर बसला होता.

त्याला मान वर करवेना.

"बुवा... मग मी तीन आठवडे काय ऐकत होतो?"

बुवा उठले, चपला पायात सरकवल्या आणि दारात थांबले.

"कुठलाही ठेव," ते म्हणाले. "दोघंही खरं तेच सांगत होते."