बिनगणंगाचे फुटाणे

एकदा एका बाजारगावी एक वृद्ध फुटाणेवाला होता आणि त्याच्या हाताखाली एक विलक्षण घाईचा शिष्य होता. वृद्धाला सगळे गुणाजीबाबा म्हणत. शिष्याचं नाव अंबादास. वय पंचवीस-सव्वीस, नुकतंच लग्न झालेलं, आणि डोक्यात एकच ध्यास: आपले फुटाणे या एका गावात अडकून राहता कामा नयेत, पंचक्रोशीत, जिल्ह्यात, जमलं तर त्याच्याही पलीकडे गेले पाहिजेत.

फुटाणे म्हणजे काही हिऱ्यामोत्यांचा व्यापार नव्हे, हे मलाही समजतं. पण हसू नका. आजकाल जो तो आपल्या मालाचा ब्रँड करायला निघाला आहे, आणि त्या विषयावर व्याख्यानं झोडणाऱ्यांत मी स्वतःही आहे. तरी खरं सांगतो, या म्हाताऱ्याच्या कढईपाशी जे आहे ते माझ्या कुठल्याही व्याख्यानात नाही.

तर झालं असं. दूरच्या शहरातला एक मोठा व्यापारी गुणाजीबाबांचे फुटाणे खाऊन गेला आणि निरोप धाडला, ‘पुढच्या गुरुवारी टेम्पो घेऊन येतो. बारा पोती तयार ठेवा. डोंगरावरच्या देवीच्या यात्रेत विकून बघतो. चाललं, तर वर्षभर माल तुमचाच.’

अंबादासच्या अंगात जणू वारं शिरलं! आठ दिवसांत बारा पोती! त्यानं दुसरी भट्टी लावली. बायकोला, सगुणाला, मदतीला घेतलं. शिवाय स्वतःच्या हातानं एक भली थोरली पाटी रंगवली: ‘सम्राट फुटाणे’. अक्षरं सोनेरी, वर मुकुट, बाजूला दोन सिंह. सिंह किंचित मांजरासारखे झाले होते, पण उत्साहात तेवढं चालायचंच.

बाबा सारं पाहत होते. गुरुवार उजाडला. पोती शिवून भिंतीशी ओळीनं उभी राहिली. टेम्पो दुपारी बाराला यायचा होता. सकाळी नऊ वाजता बाबा उठले, दारावरची पाटी उतरवली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवून दिली.

“बाबा! अहो, हे काय?” अंबादास ओरडलाच.

“तू आता एस.टी. स्टँडवर जा,” बाबा शांतपणे म्हणाले. “बाजाराला आलेली माणसं उतरतील. त्यांना विचार, चांगले फुटाणे कुठं मिळतील? आपलं नाव तू घ्यायचं नाहीस. ते काय सांगतात तेवढं फक्त ऐकायचं.”

“आज? शेट यायच्या दिवशी?”

“आजच.”

अंबादासला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. एवढा मोठा माणूस दारात यायचा, आणि आपण स्टँडवर उभं राहून फुटाण्यांची चौकशी करायची! पण गुरूचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. टोपी डोळ्यांवर ओढून तो पाय आपटत निघाला.

पहिली गाडी आली. टोपली घेतलेल्या एका बाईला त्यानं विचारलं. ती चालता चालता म्हणाली, “मारुतीच्या देवळामागं एक म्हातारबाबा बसतोय बघा. त्याच्याकडनं घ्या. त्याच्यात गणंग नसतो.”

गणंग म्हणजे भाजताना न फुटलेला, खड्यासारखा टणक राहिलेला दाणा. खाताना दाताखाली आला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. हरभरा कितीही चांगला घेतला तरी घाण्यागणिक थोडे गणंग राहतातच. बाबा दरेक घाणा सुपात घेऊन हलक्या हातानं घोळत, जड गणंग मागे सरले की वेचून फेकून देत. फार वेळखाऊ काम.

दुसऱ्या गाडीतून एक पाटील उतरले. तेही तेच म्हणाले. मग दोन लेकरांची आई म्हणाली, “आमची धाकटी दुसरीकडचे फुटाणे तोंडात धरत नाही हो, एकदा दात दुखला तेव्हापासनं.” एक बोळक्या तोंडाचे आजोबा तर अंबादासचा हात धरूनच उभे राहिले. “हे बघ,” त्यांनी जबडा उघडून दाखवला, “चार राहिलेत. तरी मी फुटाणे खातो! का खातो? त्या म्हाताऱ्यावर भरवसा आहे म्हणून खातो.”

“पण त्यांच्या दुकानाचं नाव काय आहे?” अंबादासनं न राहवून विचारलं.

“नाव? नाव कशाला पाहिजे? बिनगणंगाचे फुटाणे म्हण, कुणीपण सांगंल.”

अंबादासच्या अंगावर काटा आला. उन्हात, धुळीत उभा राहून त्यानं आणखी कितीतरी माणसांना विचारलं. सम्राट कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. मुकुट नाही, सिंह नाही. गणंग मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी होता. आपण आठ दिवस ज्या नावासाठी डोकं फोडत बसलो, ते गावानं वीस वर्षांपूर्वीच ठेवून दिलं होतं! त्याला इतका आनंद झाला की तो स्टँडपासून धावतच सुटला. भाजीवाल्यांच्या मधून, बैलांना चुकवत, एका मडकेवालीच्या शिव्या खात तो दुकानापाशी पोचला.

“बाबा! सापडलं! आपलं नाव सापडलं! बिनगणं...”

शब्द अर्धाच राहिला, कारण त्याची नजर भिंतीशी उभ्या असलेल्या पोत्यांवर गेली होती. आठ दिवसांच्या घाईत त्यातलं एकही पोतं घोळलेलं नव्हतं. एवढं घोळत बसलो तर बारा पोती व्हायची कशी, असा हिशेब त्यानंच केला होता, आणि बाबांना विचारलंही नव्हतं.

टेम्पो दारात उभा होता. व्यापारी एका पोत्यावर हात ठेवून प्रसन्न मुद्रेनं म्हणाला, “शाब्बास रे पठ्ठे! बाराच्या बारा तयार! चला, चढवा.”

अंबादासनं बाबांकडे पाहिलं. बाबा कढईतली वाळू सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही. सगुणा दाराशी उभी होती. वर्षभराचं काम, नवं दुकान, सगळी स्वप्नं त्या टेम्पोत चढायला निघाली होती. अंबादासला वाटलं, गप्प बसावं. कुणाला कळतंय?

आणि मग तो बोलून गेला, “शेट, ही पोती नाही देता येणार. घोळायची राहिलीत. यांच्यात गणंग आहेत.”

“मग असू देत की!” व्यापारी हसला. “कोण बघतंय? आणि डोंगरावर तुम्हाला ओळखतंय कोण?”

आता बाबांनी मान वर केली. “म्हणूनच तर, शेट. इथली माणसं मला ओळखतात, एकदा चुकलो तर सांभाळून घेतील. तिथला माणूस पहिला घास खाणार आणि तेवढ्यावरच आम्हाला ओळखणार.”

व्यापारी तापला. यात्रा उद्या, टेम्पो चारला निघायलाच हवा, शब्द देऊन फिरवता म्हणजे काय, असं बरंच काही बोलला. अंबादासनं एका पोत्याची शिवण उसवली, सूप ओढलं आणि घोळायला बसला. “चारपर्यंत जेवढं होईल तेवढं न्या,” एवढंच म्हणाला.

मग काय घाई उडाली म्हणता! सगुणानं दुसरं सूप घेतलं. बाबा पदराएवढं फडकं पसरून बसले. टेम्पोचा ड्रायव्हर थोडा वेळ बिडी ओढत पाहत होता, मग बिडी विझवून तोही येऊन टेकला. त्याच्या आईनं लहानपणी त्याला सूप धरायला शिकवलं होतं म्हणे. घाम, धूळ, फोलपटं, आणि चौघांचे आठ हात. व्यापारी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. चार वाजले तेव्हा तीन पोती झाली होती. तीनच.

“बारा सांगितली आणि तीन हातावर ठेवता!” असं म्हणून तो तीन पोती घेऊन निघून गेला. जाताना त्यानं रामराम केला नाही. अंबादास ओट्यावर बसला, आणि खोटं कशाला सांगू, सगुणासमोर ढसाढसा रडला.

पाचव्या दिवशी व्यापारी परत आला. टेम्पो नव्हता, एकटाच. त्यानं मूठ उघडली आणि अंबादासच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. एक गणंग.

“तुमच्या पोत्यातला,” तो म्हणाला. “तुमच्या शब्दावर माझा विकणारा पोऱ्या पहिल्या दिवसापासून ‘एकही गणंग नाही’ म्हणून ओरडत होता. तिसऱ्या दिवशी हा निघाला. एक अनोळखी माणूस डोंगर उतरणाऱ्या गर्दीतून उलटा चढ चढून आला, दुकानापुढे हात नाचवून भांडला, ‘तुमच्या फुटाण्यांत गणंग निघतोच कसा?’ माझी अब्रू गेली तिथं.”

अंबादासचं तोंड एवढंसं झालं. पण बाबा? ते बसल्या जागेवरून ताडकन उठले आणि त्या वयात अक्षरशः टाळ्या पिटू लागले!

“अंबादास! लेका, जिंकलास!”

“बाबा, अहो, तक्रार आलीय.”

“तेच तर! बाकीच्या दुकानांतल्या पुडीत दहा-दहा गणंग निघतात. माणसं थुंकतात आणि पुढं जातात. कुणी सांगायला परत येतं? त्यांच्याकडून कुणाची अपेक्षाच नाही. तुझा एक निघाला, आणि ज्यानं तुला कधी पाहिलं नाही, तो माणूस चढ चढून भांडायला आला. ‘इथं असं होता कामा नये,’ असं त्याला वाटलं. तीन दिवसांत, परक्या गावात! पाटी आपण रंगवू शकतो रे. पण आपल्याकडून काय होता कामा नये, हे जेव्हा गिऱ्हाईकच ठरवायला लागतं, तेव्हा आपलं नाव झालं म्हणायचं. तो चिडलेला माणूस तुझी खरी कमाई आहे. त्याला जप.”

हळूहळू व्यापाऱ्याच्याही चेहऱ्यावरचा राग उतरला. तो म्हणाला, “बरं, पुढच्या गुरुवारी किती देतोस? बारा?”

महिन्याभरापूर्वी हा प्रश्न ऐकून अंबादास वीस म्हणाला असता.

“पाच देतो,” तो म्हणाला. “आणि त्या माणसाला माझा निरोप द्या. म्हणावं, चूक माझी होती. पुन्हा निघाला तर पुन्हा भांडायला ये.”

वाचकहो, आपला धंदा लहान असो की मोठा, एवढं आठवून पाहा: आपल्यावर असं हक्कानं चिडणारं परकं माणूस शेवटचं कधी आलं होतं, आणि तेव्हा आपण त्याला काय म्हणालो होतो?